डीपीला दहा हजार प्रेक्षक पाहिजेत

उंबरगव्हाण खुर्द येथील डीपी शुक्रवारी सकाळी सव्वानऊ वाजता जळाली. डीपी म्हणजे दोन खांबांच्या मधोमध बसवलेला विजेचा ट्रान्स्फॉर्मर. गावाला वीज पुरवणे आणि ऐन हंगामात जळणे ही तिची दोन कामे असून, दुसऱ्या कामात तिने आजवर कधीही हयगय केलेली नाही. जळताना तिने एक दणका दिला, थोडा धूर सोडला आणि खाली दाढी करून घेत बसलेल्या दत्तरावांच्या धोतरावर तेलाचे चार थेंब टाकले. दत्तराव हे गावातले सर्वांत ज्येष्ठ गृहस्थ. त्यांनी वर पाहिले, "गेली," असे म्हणाले आणि दुसरा गाल पुढे केला.

गाव शांत राहिले. नर्मदाबाईंना मात्र शांत राहणे जमणार नव्हते, कारण गावातली एकुलती एक पिठाची गिरणी त्यांची होती आणि गिरणीला लागूनच शेवयांचे यंत्र होते. होळी झाली की शेवयांचा हंगाम सुरू होतो आणि पंचवीस दिवसांत संपतो. तेवढ्या दिवसांत आसपासच्या पाच गावांतल्या बाया डोक्यावर डबे घेऊन येतात आणि नंबर लावून बसतात. नर्मदाबाईंचे वर्ष या पंचवीस दिवसांवर निघते. बाई एकदा दुसऱ्या गावच्या यंत्रावर गेली की परत येत नाही. शेवया कशाही होवोत, तिथल्या गप्पांची तिला चटक लागते. डीपी जळाली तो हंगामाचा चौथा दिवस होता. ओट्यावर अकरा बाया होत्या आणि अकरा परातींत रवा भिजलेला होता.

दुपारच्या गाडीने नर्मदाबाई वीज तक्रार कक्षात पोहोचल्या. हातात अर्ज, अर्जाखाली सरपंचांची सही, सहीवर शिक्का. टेबलामागे महारुद्र नावाचे लिपिक बसले होते. त्यांनी अर्ज उलटसुलट करून पाहिला, नांगरताना सापडलेले नाणे पाहावे तसा, आणि परत दिला.

"मावशी, कागद बंद झालाय आता."

"मंग काय चालू हाय?"

"व्हिडिओ."

महारुद्र यांनी खणातून एक परिपत्रक काढले. कागद बंद झाल्याचे कळवणारे हे परिपत्रक सतरा पानांचे होते. त्याचे नाव 'तक्रारींचे लोकदृश्यीकरण' असे असून त्यात म्हटले होते की, लोकांच्या तक्रारी लोकांपर्यंतच पोहोचत नाहीत, ही गंभीर बाब कक्षाच्या निदर्शनास आलेली आहे. सबब, यापुढे प्रत्येक तक्रार व्हिडिओच्या स्वरूपात कक्षाच्या वाहिनीवर टाकावी. जी तक्रार जास्त लोक पाहतील तिला अग्रक्रम राहील. दहा हजारांपेक्षा कमी प्रेक्षक असलेली तक्रार 'समाजाला न जाणवलेली' समजून दप्तरी दाखल करण्यात यावी.

"भाऊ, डीपी आमची जळाली," नर्मदाबाई म्हणाल्या. "दहा हजार लोकायनं ती कामून बगावं?"

"तिथंच तर गोम आहे, मावशी. बघावीशी वाटली पाहिजे."

उदाहरण म्हणून महारुद्र यांनी ढवळेवाडीचा व्हिडिओ दाखवला. ढवळेवाडीत एका नवरदेवाच्या मित्राने डीपीसमोर, डोक्यावर पेटता स्टोव्ह ठेवून, सव्वा मिनिट नाच केला होता. बेचाळीस हजार लोकांनी तो पाहिला. कक्षाने तत्परतेने ढवळेवाडीला नवी डीपी मंजूर केली. जुनी डीपी उत्तम चालत होती, तेव्हा नवी तिच्या शेजारी उभी करण्यात आली.

"आन् ती जळालीच नव्हती?"

"जळाली का नाही, हे परिपत्रकात कुठं विचारलेलं नाही," महारुद्र म्हणाले. त्यांच्या डोक्यावर पंखा फिरत होता.

नर्मदाबाईंची सून निकिता परभणीच्या कॉलेजात शिकलेली होती. तिने दुसऱ्या दिवशी मोबाईल आडवा धरला आणि सासूला डीपीखाली उभे केले. नर्मदाबाईंनी पदर नीट केला, घसा साफ केला आणि म्हणाल्या, "ही डीपी हाय. जळालीय." मग पंचावन्न सेकंद त्या डीपीकडे आणि डीपी त्यांच्याकडे पाहत राहिली. व्हिडिओ संपला.

"आत्याबाई, अजून काही बोला की."

"अजून काय बोलू? जळाली म्हणलं की मी. दोनदा जळती का ती?"

दोन दिवसांत सतरा प्रेक्षक झाले. त्यातल्या नऊ वेळा खुद्द निकितानेच पाहिला होता. खाली एकच प्रतिक्रिया आली होती: साडी कुठून घेतली?

गावाने तरी पाहायला हवा होता, असे कुणीही म्हणेल. परंतु व्हिडिओ पाहायला मोबाईल लागतो, मोबाईलला चार्जिंग लागते, चार्जिंगला वीज लागते आणि वीज नाही हाच व्हिडिओचा विषय होता. ज्या गावाची डीपी जळते त्या गावाचे प्रेक्षक शून्यावर येतात आणि जिथे दोन-दोन डीपी उभ्या आहेत तिथे ते भरभरून वाहतात. ही बाब निकिताने फोनवरून कक्षाच्या कानावर घातली. महारुद्र यांनी ती लक्षपूर्वक ऐकली आणि याही मुद्द्याचा एक व्हिडिओ करून टाकावा, असे सुचवले.

अखेर गावाने खताच्या रिकाम्या पोत्यात एकशे साठ मोबाईल भरले आणि पोते मोटारसायकलला बांधून देवगाव फाट्यावर बन्सीधर यांच्या हॉटेलात पाठवले. बन्सीधर भला माणूस. त्यांनी फ्रिज, मिक्सर आणि देवापुढची लुकलुकणारी माळ काढून एकशे साठ वायरी जोडल्या. संध्याकाळी पोते परत आले, तेव्हा कुणाचा मोबाईल कुणाचा हे ओळखण्यात उरलेले चार्जिंग गेले. सरपंचांच्या हाती त्यांच्या विरोधकाचा मोबाईल आला आणि तो त्यांनी नको तितका वेळ स्वतःजवळ ठेवला. त्यावरून जे झाले त्याचा डीपीशी संबंध नाही.

हंगामाचा आठवा दिवस उजाडला. ओट्यावर आता चारच बाया होत्या, त्याही निरोप घ्यायला आलेल्या. तेव्हा दत्तराव बोलले.

"इर्जिक घाला."

इर्जिक म्हणजे एकाच्या शेतात सगळ्यांनी आपापले बैल घेऊन यायचे, दिवसभरात रान नांगरून द्यायचे आणि मोबदल्यात पोटभर जेवायचे. ट्रॅक्टर आल्यापासून दत्तरावांना ही सूचना करायची संधी मिळाली नव्हती.

"बैलायच्या जागी मोबाईल आणा म्हणावं पावण्यायला. चार्ज करून. हितं बसा, बगा आन् जेवून जा."

निरोप गेले. सोयरेधायरे, शेजारपाजारची गावे, पेडगावचे व्याही, पोखर्णीच्या लेकी, असे मिळून साडेतीनशे माणसे नवव्या दिवशी मारुतीच्या पारापुढे बसली. गिरणी बंद असल्याने पीठ नव्हते, म्हणून मसालेभाताचा बेत केला होता. दत्तरावांनी हात वर करून खाली केला आणि साडेतीनशे अंगठे एकदम टेकले. मात्र कुणाचे नेटवर्क जलद, कुणाचे संथ. त्यामुळे "ही डीपी हाय" हे वाक्य पाराच्या एका टोकाला सुरू होऊन दुसऱ्या टोकापर्यंत लाटेसारखे गेले, "जळालीय" त्याच्या मागोमाग गेले, आणि दोन्ही परतीच्या वाटेवर एकमेकांत मिसळले. शेजारी बांधलेली म्हैस दावे तोडून नदीकडे निघून गेली. प्रत्येकाने चार-चार वेळा पाहिला. एक व्याही सहाव्यांदा पाहू लागले तेव्हा त्यांना आग्रहाने ताटावर न्यावे लागले.

चौदाशेच्या वर आकडा गेला आणि गावात गूळ वाटला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा एकसष्ट होता.

निकिताने कारण शोधून काढले. एवढी माणसे एकाच जागी बसून एकच व्हिडिओ पाहतात, हे यंत्राला संशयास्पद वाटले होते. यंत्राच्या मते माणसे असे वागत नाहीत. महारुद्र यांनीही यंत्राला दुजोरा दिला.

"शिवाय हे सगळे तुमचे सोयरे. गावच्याच लोकांनी गावची तक्रार पाहायची, हा हितसंबंधांचा मामला होतो. ज्यांना काडीचा त्रास नाही अशांनी पाहिलं पाहिजे. त्यालाच जनमत म्हणतात."

"ज्याला तरास न्हाई तो कशाला बगंल?"

"मजा आली तर बघंल."

महारुद्र मनाने वाईट नव्हते. त्यांची स्वतःचीही एक वाहिनी होती. तिच्यावर ते पाण्याच्या बाटलीचे झाकण लांबून डस्टबिनमध्ये टाकत असत, आणि तिला दोनशे बारा प्रेक्षक होते. या अनुभवाच्या जोरावर त्यांनी रविवारी उंबरगव्हाणला येऊन विनामूल्य मार्गदर्शन केले. हंगामाचा तेरावा दिवस होता.

"पहिल्या तीन सेकंदांत माणूस थांबला पाहिजे," त्यांनी जमलेल्या गावाला सांगितले. "तुमच्या व्हिडिओत पहिले तीन सेकंद मावशी घसा खाकरतात. दुसरं, डीपीला चेहरा नाही. लोक चेहरा बघतात. म्हणून मावशींना रडावं लागंल."

"रडू?" नर्मदाबाईंनी विचारले.

"जास्त नाही. दोन थेंब. गालावर आले की तिथंच थांबवायचे."

कांदे आणण्यात आले. नर्मदाबाईंनी एका जागी बसून तीन किलो कांदा चिरला. त्यांच्या डोळ्यांना काही झाले नाही. चाळीस वर्षे त्यांनी गावजेवणाचा कांदा चिरलेला होता. समोर बसलेले महारुद्र मात्र ढसाढसा रडत होते. निकिताने कॅमेरा चालू ठेवला होता.

"मावशी, प्रयत्न करा," महारुद्र डोळे पुसत म्हणाले. "जरा दुःख आणा."

इथे नर्मदाबाईंनी विळी बाजूला सारली.

"दुख आणू? कुटून आणू रे बाबा, फाट्यावरून? तुज्या हापिसात चार खेपा घातल्या मी. चारी खेपंला तुजा फॅन फिरायला होता. फॅनानं कागद उडू ने म्हणून तू त्याच्यावर पेपरवेट ठेवतूस, आन् पेपरवेट उचलावा लागंल म्हणून कागद वाचत न्हाईस. आता म्हणतूस कागदच बंद झाला. मंग पेपरवेट कशाला ठेवलाय, डोस्क्यावर ठेवायला? उडायला तितं हाय तरी काय? जळाली माजी डीपी, आन् नवी दिली कुणाला, तर डोस्क्यावर स्टो घेऊन नाचला त्याला. उद्या बाईला बाळंतपणाच्या कळा आल्या तर तिला पैले नाचून दाखव म्हणताल. तुज्या सायबाला सांग, तुमचं समदं हापिस उचलून माज्या गिरणीत टाकलं ना, तरी पावशेर पीठ पडायचं न्हाई. समदा कोंडाच निगंल."

एवढे बोलून त्यांनी विळी पुन्हा पुढे ओढली आणि उरलेला कांदा चिरायला घेतला.

निकिताने हा प्रसंग जसाच्या तसा टाकला. संध्याकाळपर्यंत अकरा हजार झाले. दुसऱ्या दिवशी एक लाख. सोळाव्या दिवशी सहा लाख. 'समदा कोंडाच निगंल' हे वाक्य लोकांच्या मोबाईलची रिंग झाले. पुण्यात एका तरुणाने ते छातीवर छापून घेतले. परभणीच्या एका वरातीत डीजेवाल्याने त्याला ढोल जोडला आणि नवरी हसता हसता घोड्याजवळ खाली बसली. एका मोठ्या कंपनीच्या बैठकीत साहेबांनी हाताखालच्या माणसांना ते ऐकवले, आणि हाताखालच्यांनी बाहेर येऊन ते साहेबांना उद्देशून एकमेकांना ऐकवले. कक्षातले कर्मचारीही तो व्हिडिओ पंख्याखाली बसून वारंवार पाहत. आपल्यालाच बोलले आहे असे त्यांच्यापैकी कुणाला वाटले नाही. प्रत्येकाने तो दुसऱ्या टेबलाला पाठवला.

एकविसाव्या दिवशी गावात ट्रक आला. त्यात कोरी करकरीत, राखाडी रंगाची, झेंडूची माळ घातलेली डीपी होती. पाठोपाठ पांढऱ्या गाडीतून कक्षाचे मुख्य अधिकारी योगीराज साहेब उतरले. नर्मदाबाईंनी गिरणीचे शटर वर केले, पट्टा पुसला, यंत्राला तेल दिले. चार दिवस शिल्लक होते. चार दिवसांतही निम्म्या बाया परत आणता आल्या असत्या. त्यांनी पाचही गावांना निरोप धाडले आणि वीस-पंचवीस बाया रवा भिजवून ओट्यावर येऊन बसल्याही.

योगीराज साहेबांनी प्रथम नर्मदाबाईंसोबत फोटो काढला. मग लाइनमनने काढला. मग ट्रकच्या ड्रायव्हरने.

"साहेब, आता बसवा," नर्मदाबाई म्हणाल्या.

"बसवायचीच आहे, मावशी. फक्त एक छोटी अडचण आहे." साहेबांनी परिपत्रकाचे चौदावे पान उघडले. "तक्रार दूर झाली की तिचा व्हिडिओ काढून टाकावा लागतो. सुटलेली तक्रार दाखवणं म्हणजे जनतेची दिशाभूल. आता तुमचा व्हिडिओ आहे नऊ लाखांवर. त्याच्या जोरावर आमचा कक्ष सगळ्या कक्षांत पहिला आलाय. असा व्हिडिओ मी एकट्याच्या अधिकारात कसा काढू? त्यावर आता नऊ लाख लोकांचा हक्क आहे."

"मंग?"

"लोकांनाच विचारू. लोकशाही आहे."

व्हिडिओखाली एक प्रश्न टाकण्यात आला: सदर तक्रार दूर करावी काय? हो. नको. मुदत चोवीस तास. उंबरगव्हाण आणि त्यांचे सोयरे हितसंबंधांमुळे वगळण्यात आले.

नर्मदाबाई निर्धास्त होत्या. "नऊ लाख मानसं हायेत माज्या पाठीशी," त्या ओट्यावरच्या बायांना म्हणाल्या. "येकयेक जण लिवायलाय, मावशी भारी, मावशी वाघीण, मावशी आमची माय. मायच्या गिरणीला लाईट नको म्हणंल का कुणी?" बायांनी मान हलवली आणि रवा वाळू नये म्हणून पाण्याचा हबका मारला.

दुसऱ्या दिवशी दुपारी निकिताने निकाल वाचून दाखवला. 'हो' म्हणणारे चार हजार तीनशे. 'नको' म्हणणारे आठ लाख एक्याण्णव हजार. 'हो'वाल्यांतल्या काहींनी चुकून बोट लागल्याचे कळवून मत बदलून मागितले होते.

"काय म्हणायलेत ते?" नर्मदाबाईंनी विचारले. "वाच."

निकिता वाचू लागली. "डीपी बसली तर मावशी गप्प होतील, नको. अजून एक उन्हाळा असाच जाऊ द्या, लय मजा आहे. लाइट येऊ देऊ नका, मावशींचा आवाज जाईल. मावशी, पुढचा भाग कधी? लवकर टाका, आम्ही जेवताना बघतो."

दत्तरावांनी डीपीच्या माळेतले एक झेंडूचे फूल सरळ केले.

"जनतेचा कौल आहे, आमचा नाइलाज आहे," योगीराज साहेब खरोखरच वाईट वाटून म्हणाले आणि ट्रकला वळायला सांगितले. डीपी ढवळेवाडीला गेली. तिथे आता तिसरीची सोय करण्यात आली आहे. साहेबांसोबत आलेल्या महारुद्र यांनी पुढच्या भागासाठी नर्मदाबाईंपुढे मोबाईल धरला आणि पहिल्या तीन सेकंदांची आठवण करून दिली.

नर्मदाबाईंनी मोबाईलकडे पाहिले. त्यांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. बायांनी एकेक करून पराती उचलल्या, डोक्यावर घेतल्या आणि रवा आंबायच्या आत दुसऱ्या गावच्या यंत्रावर पोहोचायला निघाल्या. नर्मदाबाईंनी शटर ओढले, आणि मग, कुणी रडा म्हटलेले नसताना, त्या शटरला टेकून रडल्या. निकिताने मोबाईल खिशात ठेवला. महारुद्र यांनी ठेवला नाही. तो भाग चौदा लाख लोकांनी पाहिला. मात्र पहिल्याइतकी मजा आली नाही, असा सर्वसाधारण अभिप्राय आहे.

या तक्रारीची सुनावणी अद्याप खुली आहे. परिपत्रकात अलीकडेच केलेल्या दुरुस्तीनुसार, ज्यांनी ही हकीगत पाहिली किंवा वाचली आणि वाचताना ज्यांना एकदा तरी हसू आले, त्यांना वेगळे मत देण्याची तसदी घ्यावी लागत नाही. आपले मत 'नको' असे नोंदवून घेण्यात आले आहे.